वाक्यात उपयोग करा

पाम बीच रोड, एकोणिसावा मजला.
मंगळवार-शुक्रवार, साडेपाच ते साडेसहा.
लिफ्ट इतकी गुपचूप चढते
की वर पोचल्याचं फक्त पोटाला कळतं.

युवान ताम्हाणे. सातवी. मराठी तिसरी भाषा.
आज वाक्प्रचार.

अंथरूण पाहून पाय पसरणे.
तो पेन्सिल चावतो, मग म्हणतो, मिस,
माझ्या बेडवर मी आडवा झोपलो
तरी पाय बाहेर जात नाहीत.
मग पाहायचं कशाला?

याला काय सांगू.
घणसोली गावठाणात आमच्या खोलीत
दादाची रात्रपाळी असली
की मला कूस बदलता येते.
हे पुस्तकात नाही, परीक्षेत येत नाही.

त्याची आई बदामाचं दूध घेऊन येते, त्याच्यासाठी.
मला पाणी, उंच काचेच्या पेल्यात,
वर पुदिन्याचं पान.
बाई वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते.
वाईट असती तर मला बरं पडलं असतं.

फ्लेमिंगो बघितलेस? ती पडदा सारते.
या बाजूचा फ्लॅट म्हणून बावीस लाख जास्त मोजले आम्ही,
पण बघ ना!
मी बघते. गुलाबी ठिपके.
येताना तेच तळ्याच्या कडेला पाहिले होते, हाताच्या अंतरावर,
चिखलात मान घालून
एकेक घास गाळून घेत होते.

आम्हीसुद्धा हल्ली अगदी साधं राहतो गं, ती म्हणते,
यंदा युरोप रद्द, नुसतं व्हिएतनाम.
पैशामागे किती धावायचं माणसानं?
आणि तू बसचे धक्के कशाला खातेस रोज,
इथेच सीवूड्सला छोटासा वन बीएचके घेऊन टाक.
हप्त्यांचं काय, जातात ते, कळतसुद्धा नाही.

घेऊन टाक.
व्याकरणात याला संयुक्त क्रियापद म्हणतात.
'टाक' हे सहायक,
क्रिया एकदाची उरकल्याचा, हात झटकल्याचा अर्थ
त्यातून येतो.
आमच्या घरात ते एकदाच नीट वापरलं गेलं,
आईच्या पाटल्यांबाबत.
विकून टाकल्या.

फेब्रुवारी आणि मार्च. आठ-आठ तास, चारशेप्रमाणे,
सहा हजार चारशे.
बसमध्ये मी हे वाक्य तीन तऱ्हांनी म्हणून पाहिलं होतं,
हसत, सहज, आणि
'तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं' असं सुरू करून.
शेवटी बोलले ते चपलेचा पट्टा लावताना,
खाली बघत, पट्ट्याशीच.

अय्या, राहिली का? सांगायचं ना गं!
किरकोळ रक्कम असली की माझ्या डोक्यातच राहत नाही.
आत्ता ते ॲपही नाटकं करतंय.
शुक्रवारी आठवण कर हं नक्की.

म्हणजे पैसे तिचे, विसरणं तिचं,
आठवणीचं काम माझं,
त्याचे वेगळे चारशे नाहीत.
तिच्या डोक्यातून निसटलेली ती किरकोळ रक्कम
दहा तारखेपासून माझ्याकडे मुक्कामाला आहे,
भाड्याला खेटून, दादाच्या दाढेला खेटून,
रात्री दीडला उठते आणि विचारते,
झोपलीस का?

स्टॉपवर बस नाही. बाकावर वह्या काढते.
पोटाला चिमटा काढणे. वाक्यात उपयोग करा.
युवानने लिहिलंय, सुबक अक्षरात, जोडाक्षरं न चुकता,
'रियानने माझ्या पोटाला चिमटा काढला
आणि मला खूप गुदगुल्या झाल्या.'

लाल पेनने लिहिते, असं होत नाही.
मग ते खोडते.
त्याचं होत असेल.
कर्ता बरोबर, कर्म बरोबर, पूर्णविराम जागच्या जागी.

दोनपैकी एक गुण देते.
दुसरा शुक्रवारी,
आठवण केली तर.